मळीचा उतारा

जोतीतात्या चहा पिण्याआधी कप उजेडाकडे धरून रंग बघतात. रसवंतीवर पहिला घोट जिभेवर ठेवून डोळे मिटतात आणि ‘साडेसतरा’ किंवा ‘अठराला कमी’ असं काहीतरी पुटपुटतात. रसवाल्याला वाटतं, गिऱ्हाईक भाव करतंय. ‘बरं हाय का?’ असं कुणी विचारलं तर ‘कालच्यापेक्षा बरं’ म्हणतात. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, तारखेची चिठ्ठी डकवून फडताळात लावून ठेवतात. बाटल्यांत काही नसतं. खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल. लाल पेन कधी वापरायचं याचा नियम त्यांनी बायकोलाही सांगितलेला नाही.

हे सगळं कारखान्यामुळं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये तात्यांनी चौतीस हंगाम काढले. शंभर किलो उसातून किती किलो साखर पडली तो आकडा म्हणजे उतारा, आणि हंगामात रोज सकाळी तो पहिल्यांदा तात्यांना कळायचा. लॅबच्या दाराशी माणसं थांबलेली असत. शेतकी अधिकारी, ऊसतोडीचे चिठ्ठीवाले, कधीकधी संचालकसुद्धा. “आज किती, तात्या?” तात्या चष्मा पुसायचे, घाई करायचे नाहीत, मग सांगायचे. तेवढ्या अर्ध्या मिनिटात कारखाना त्यांचा असायचा.

निवृत्त होऊन ते इंदापूर तालुक्यात, डाळजला आपल्या घरी आले, त्याला पाच वर्षं झाली. पाच वर्षांत त्यांना कुणी ‘आज किती’ असं विचारलं नाही.

मळी त्यांच्याबरोबरच आली. लॅबमागं जन्मलेली मांजर. रंग उसाच्या मळीसारखा काळपट तांबडा, म्हणून मळी. गावी तिला भिगवणच्या चिलापी माशांची डोकी मिळू लागली, वर दुधाची साय. ती सात किलोंची झाली. मग अचानक वाळायला लागली आणि बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागली. तात्यांनी तिला पिशवीत घालून बारामतीला जनावरांच्या डॉक्टर प्रगतींकडं नेलं.

“तात्या, हिला साखर आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

“किती?”

“चारशे अठरा.”

तात्यांचा चेहरा क्षणभर उजळला. जन्मभर आकडा वर गेला की पाठीवर थाप पडलेली. हा आकडा वाईट आहे हे डोक्यात शिरायला त्यांना पायरी उतरेपर्यंत वेळ लागला. मग ते परत वर गेले.

“पन तिनं गोड कधी खाल्लंच न्हाय, बाई.”

“मांजराला गोडाची चवच कळत नाही.”

साखरपट्ट्यात जन्मून चव कळत नाही, याचं तात्यांना मळीच्या दुखण्याहून जास्त वाईट वाटलं.

डॉक्टरांनी इन्शुलिन दिलं, सकाळ-संध्याकाळ एकेक युनिट. साखर घरीच तपासायला सांगितली, कारण दवाखान्यात शेजारी कुत्रं भुंकलं तरी मांजराची साखर भीतीनं चढते. यंत्र माणसांचंच. मांजराचा कान गरम फडक्यानं शेकायचा, कडेला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा. तात्यांनी हे दोन दिवसांत उचललं. मळी हूं की चूं करत नसे. लॅबमध्ये वाढलेली, नमुना द्यायची तिला सवय असावी.

तिसऱ्या दिवशी पडवीत फळा लागला. ‘मळी. आजचा उतारा.’ खाली खडूनं आकडा, तोच वहीतही.

शेजारच्या शकुबाईंना वाचता येत नव्हतं. नातीनं वाचून दाखवलं तेव्हा त्यांना उतारा एकच माहीत होता, लिंबू-भात ओवाळून तिकाटण्यावर, तीन वाटा मिळतात तिथं, टाकतात तो. आठ दिवस त्यांनी नातवंडांना तिकाटणं चुकवून शेतातून शाळेला धाडलं. नवव्या दिवशी त्या भांडायलाच आल्या.

“तात्या, मांजरावरचं उतरून आमच्या वाटंवर का टाकताय?”

“शकुबाय, साखरंचा उतारा हाय तो.”

“मग आज किती?”

झालं. पाच वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. तात्यांनी चष्मा पुसला.

तिथून फळ्यासमोर माणसं थांबू लागली. दूध घालायला जाणारे, सोसायटीत निघालेले. “आज खाली दिसतीया.” “काल वर व्हती म्हनून.” गावात निम्म्या घरांत साखरेच्या गोळ्या होत्या आणि त्या लपवून खाल्ल्या जात. मांजराची साखर मात्र चव्हाट्यावर आली आणि प्रत्येकाला तिची काळजी वाटू लागली.

“माझी साखर आठ वरसं हाय,” तात्यांच्या बायको, सारजाकाकू, आतून म्हणाल्या. “माझा फळा कुठंय?”

“तुझं डॉक्टर बघत्यात की.”

“तिचंबी डॉक्टरच बघत्यात.”

तात्यांनी हे वहीत घेतलं नाही.

घोटाळा झाला तो कारखान्याच्या सवयीमुळं. लॅबमध्ये दर तासाला रसाचा नमुना एकाच बाटलीत ओतायचा आणि पाळी संपली की त्या बाटलीची साखर काढायची. दिवसभराची सरासरी म्हणजेच खरा आकडा, हे तात्यांच्या हाडात मुरलं होतं. मळीची सकाळची साखर चारशे दोन आणि दुपारची अठ्ठ्याऐंशी आली, तर ते दोन्हींची बेरीज करून दोननं भागत आणि दोनशे पंचेचाळीस लिहीत. डॉक्टरांना फोनवर तेच सांगत. दोनशे पंचेचाळीस, दोनशे साठ. डॉक्टरांना वाटलं, साखर हटत नाही. डोस दीड झाला, मग दोन.

एका दुपारी मळी चालताना कलंडली. तात्या वही घेऊन बारामतीला गेले. डॉक्टरांनी समासातली बारीक आकडेमोड पाहिली आणि पेन खाली ठेवलं.

“हे भागलंय का तुम्ही?”

“सरासरी हाय, बाई. शास्त्रीय.”

“तात्या, रसाला सरासरी चालते. मांजर खालच्या आकड्यानं मरतं.”

तात्यांनी वही मिटली. डॉक्टरांनी डोस दीडवर आणला आणि एक कागद दिला. रविवारी सकाळी आठ ते रात्री आठ, दर दोन तासांनी एक, असे सात आकडे हवेत. साखर कुठं तळाला जाते ते दिसलं तर डोस नीट ठरेल. साठच्या खाली गेली तर हिरड्यांना गोड चोळायचं आणि फोन करायचा.

“एकही चुकवू नका,” त्या म्हणाल्या. “आणि भागू नका.”

रविवारी डबीत दहा पट्ट्या होत्या. तात्यांनी कागदावर फूटपट्टीनं रेघा मारल्या आणि कडेला, राहवलं नाही म्हणून, सरासरीचा एक रकाना आखला. आठला तीनशे अठरा. पण पहिली पट्टी थेंब कमी पडून वाया गेली. दहाला दोनशे चौदा. बाराला शहाण्णव. सहा पट्ट्या उरल्या, लागणार चार.

सव्वाबाराला राजवर्धन आला. सोसायटीचा व्हाइस चेअरमन बिनविरोध झाल्यामुळं चार माणसं आणि पेढ्यांचा खोका घेऊन तो घरोघर हिंडत होता. फळ्यासमोर त्यानं फोटो काढून घेतला.

“तात्या, मांजराचं बघताय, मतदाराचं कोन बघनार? माझीबी बघा की.”

“पट्ट्या मोजक्या हायत.”

“पट्ट्यांचं काय घिऊन बसलाय. सिद्धूला भिगवणला धाडतो, दहा मिन्टात नवी डबी. आवो, आख्ख्या तालुक्यात तुमच्यासारखा केमिस्ट न्हाय.”

केमिस्ट हा शब्द पाच वर्षांनी कानावर पडला होता. तात्यांनी सुई काढली. राजवर्धन दोनशे सत्त्याऐंशी निघाला. मग चौघांनीही बोटं पुढं केली. चौघेही त्याच्यापेक्षा कमी निघाले आणि चौघांनी बोटं पाठीमागं नेली.

“हाताला पेढा हाय तुमच्या,” सारजाकाकू दारातून म्हणाल्या.

राजवर्धननं हात धुतले. शेवटची पट्टी त्याच्या दुसऱ्या बोटाला गेली. एकशे एकतीस. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. मंडळी गाडीत बसली, गाडी सुरू करत सिद्धूनं “आनतो, तात्या” म्हटलं आणि ती भिगवणच्या उलट्या दिशेला, पुढच्या घरी गेली.

दोन वाजले. सिद्धू आला नाही. राजवर्धनचा फोन लागेना. तात्या यंत्र हातात धरून बसले होते. मळी कोपऱ्यात होती, डोळे उघडे, नजर कुठंच नाही. ती उठली आणि तिचे मागचे पाय फाकले.

“पट्टी आली की बघू,” तात्या म्हणाले. “आकड्याबिगर कसं द्यायचं? साखर वर असली तर?”

“अवं, पाय बघा तिचं.”

“पाय कुठं मोजता येतो?”

सारजाकाकूंनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी काकवीची बरणी उघडली, बोट बुडवलं आणि मळीचा ओठ वर करून हिरडीला चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. मळी त्यांच्या मांडीवर भिजल्या पोत्यासारखी पडली होती. तात्यांनी डॉक्टरांना फोन लावला. आकडा किती, त्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, “आकडा न्हाय, बाई.” हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. काकवी दिली ते बरं केलं, डॉक्टर म्हणाल्या. आता थोडं खायला घाला, आजचं संध्याकाळचं इंजेक्शन देऊ नका, उद्या सकाळी घेऊन या.

पंधरा-वीस मिनिटांनी मळीनं मान उचलली आणि काकूंचं बोट चाटलं. मग मासा मागितला.

“तुला कसं कळलं?” तात्यांनी विचारलं.

“मला असंच होतंय.”

“कधी?”

“एकादशीला. गोळी खाती अन् उपास करती तवा. पाय गळाठत्यात, घाम फुटतो. चुलीपशी बसून घेती अन् गूळ खाती.”

“उपासाला गूळ चालतो व्हय?” असं तात्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

“मला सांगितलं न्हाईस.”

“तुमी इचारलं न्हाई.”

तात्या पडवीत गेले आणि तसेच परत आले. काकूंच्या शेजारी खाली बसले. किती दिवस होतंय, कोणत्या वेळेला होतंय, गोळी कोणती, असं विचारत राहिले. वही पडवीतच होती. उठून आणली नाही. मध्ये चार वाजले. सहा वाजले. मळी दोघांच्या मधे झोपली होती आणि तात्या दर थोड्या वेळानं तिच्या पायाला हात लावून बघत होते.

सोमवारी डॉक्टरांनी डोस एकवर आणला आणि रविवारचा तक्ता पुन्हा करायला सांगितला. त्याच फेरीत तात्यांनी सारजाकाकूंनाही माणसांच्या दवाखान्यात नेलं. येताना भिगवणला नव्या पट्ट्यांच्या दोन डब्या घेतल्या.

त्या रविवारच्या तक्त्याचा कागद अजून खिळ्याला आहे. आठ, दहा, बारा. त्यापुढं दोन, चार, सहा आणि आठचे रकाने कोरे, आणि कडेला सरासरीचाही.