दुःखाच्या शोधात आमचा शेजारी

बाळांनो, सुखाला घाबरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो इथे पालघरला, आमच्याच मजल्यावर, समोरच्या दाराआड राहतो. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला विचारलं, की भर दुपारी पडदे ओढून ही रडकी गाणी कसली ऐकता, तर तुम्ही दोघंही एका सुरात म्हणालात, "आजी, तुला नाही कळायचं." मला चांगलं कळतं. या रडक्या गाण्यांपायी, आणि थोडंसं माझ्यापायी, एका भल्या मुलाचं लग्न जमायचंच राहून जाणार होतं. म्हणून हे सविस्तर लिहून पाठवते आहे.

हा शेजारी बोईसरला एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहे. कॉलेजात असताना तो माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायचा. तेव्हा मी त्याला दोनशे वर्षांपूर्वीचे इंग्रज रोमँटिक कवी शिकवले. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. निसर्ग, एकांत, तीव्र भावना आणि अकाली मृत्यू असे चार मुद्दे मी त्याच्या वहीत क्रमांक घालून लिहून दिले. परीक्षेत त्याला चांगले गुण मिळाले. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण नोकरी लागल्यावर एके दिवशी तो कानातला इअरफोन काढत धावत आला आणि म्हणाला, "काकू, माझ्या मोबाइलमधली सगळी गाणी तुमच्या वहीतली हायत!" मी ऐकून पाहिली. त्याचं म्हणणं खरं होतं. डोळ्यांवर केस घेऊन कड्यावर एकटाच उभा राहणारा, जगाला न समजलेला त्या कवितांतला तरुण अजून तसाच उभा होता. फक्त हातात गिटार आली होती. मला मोठं कौतुक वाटलं. त्याने मात्र ते चार मुद्दे अमलात आणायचं ठरवलं.

आधी केस वाढले. ते इतके वाढले, की कारखान्यातलं हेल्मेट डोक्यावर बसेना, टोपल्यासारखं वर तरंगायला लागलं. त्याचा सुपरवायझर म्हणायचा, "शायर साब, पहले वॉल्व बंद करो, फिर चाँद देखो." मग आले निसर्ग आणि एकांत. त्यासाठी तो सुट्टी टाकून काळदुर्गावर गेला. पण त्याची आई त्या डोंगराजवळच्याच मासवणची. पोरगा एकटा डोंगरात चाललाय म्हटल्यावर तिने माहेरी फोन फिरवला, आणि हा माथ्यावर पोचून जरा कुठे उसासा टाकतोय तोच दोन मामा आणि तीन मामेभाऊ तांदळाच्या भाकऱ्या नि सुकटीची चटणी घेऊन हजर झाले. त्याने पाच भाकऱ्या खाल्ल्या. भूक ही त्याच्या काव्याची मोठीच शत्रू होती.

चौथ्या मुद्द्याबाबत तर त्याने कमाल केली. ते कवी क्षयाने जायचे, असं मी बोलून गेले होते. कारखान्यातल्या वार्षिक तपासणीत छातीचा एक्स-रे निघायचा होता, तर हा पंधरा दिवस आधीपासून जिन्यात खोकत होता. रिपोर्ट आला. फुप्फुसं लख्ख, आणि तीही बोईसरची हवा खाऊन! त्याची आई माझ्याकडे आली. "बाई, लोकं वाईट रिपोट आला की रडतात. यो चांगला आला म्हणून जेवत नाय. काय करू मी याचा?" रात्रीपर्यंत तो जेवला, हे सांगायला नकोच.

राहिली तीव्र भावना. ती मात्र खरी होती. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत सातपाटीची एक मुलगी पाण्याचे नमुने तपासते. दोघं एकाच कंपनीच्या बसने जातात. दोन वर्षं त्याने तिच्यावर बावीस गाणी केली आणि तिला "सरकून बसता का" यापलीकडे अक्षर बोलला नाही. प्रेम सांगायचं नसतं, त्यात जळायचं असतं, असा त्याचा सिद्धान्त होता. बाविसांतलं सर्वांत करुण गाणं म्हणजे "सांगू नका तिला कुणी, मी गेलो". त्यात शेवटी "गेलो, गेलो, गेलो" असं तीनदा होतं, आणि तिसऱ्या वेळी त्याचा स्वतःचाच आवाज भरून यायचा.

हे गाणं त्याने सफाळ्याला मावसभावाच्या हळदीत म्हटलं. हळदीत बेंजो पार्टी असते, आणि बेंजो पार्टीपुढे माणसं नाचायला आलेली असतात. पहिलं कडवं लोकांनी सोसलं. मग ढोलकीवाला म्हणाला, "आरं, हळदीला आलाव का मयताला?" आणि त्याने दणकून ठेका धरला. तिसऱ्या "गेलो"ला अख्खा मांडव हवेत उडाला. नवरदेवाची आजीसुद्धा उडाली. पंधरा दिवसांत ते गाणं केळव्यापासून डहाणूपर्यंत हळदीहळदीत वाजायला लागलं. तो माझ्यासमोर डोकं धरून बसला. "काकू, माझ्या मरणावर लोकं नाचतात!"

ती मुलगीही रविवारी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. एका रविवारी तिने वही उघडलीच नाही. विरारचं एक स्थळ आलं होतं, आणि पुढच्या रविवारी पाहुणे शब्द घ्यायला येणार होते. "काकू, गाणी माज्यावर हायत, हे बसमधल्या ड्रायव्हरलापन म्हाईत हाय," ती म्हणाली. "तो गातो. पन बोलत नाय. आमी किती थांबायचा?" तिने डोळे पुसले नाहीत. फक्त पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

मी लगेच त्याला बोलावून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो हळूच म्हणाला, "पण काकू, ती हो म्हणाली तर मग मी काय लिहू?"

तेव्हा मला माझी चूक कळली. परीक्षेला विचारत नाहीत म्हणून त्या कवींची एक बाजू मी त्याला शिकवलीच नव्हती. मी म्हटलं, "हे बघ, त्यांच्यातले एक मोठे कवी लग्न करून, पोराबाळांत राहून, ऐंशी वर्षांचे होऊन अंथरुणात वारले. आणि त्यांना सरकारी नोकरी होती."

"सरकारी?" तो ताडकन उठला. "कुठल्या खात्यात?"

"मुद्रांकाच्या."

"आणि तुमी हे आता सांगता?" तो इतका चिडला, की मला हसूही येईना.

पुढच्या रविवारची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी तो मला रिक्षात घालून सातपाटीला घेऊन गेला. वडीलधारं कुणी बरोबर हवं, म्हणून मी. मुलीची आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. मुलगी दारात उभी राहिली. ह्याने हात जोडले आणि सुरू केलं, "मावशी, हा अथांग समुद्र जसा..."

"समुद्राचा आमाला नको सांगू, बाबा," मावशी म्हणाली. "आमी त्याच्याच दारात राहतो. तुला काय पायजे ते बोल. माजे हात भरलेत."

मी त्याला मागून छत्रीने टोचलं. दारातून ती म्हणाली, "आता तरी बोल."

"मला हिच्याशी लगीन करायचाय," तो म्हणाला. त्यात यमक नव्हतं, एकांत नव्हता. बाजूच्या अंगणातल्या चार बाया कान देऊन उभ्या होत्या.

मावशीने आणखी दोन बोंबील काठीवर टाकले. "मंग हे पयल्यानं बोलायचा ना. विरारवाल्यांसाठी मी उगाच चांगली पापलेटं सांगून ठेवली." मग लेकीकडे पाहून म्हणाली, "च्या टाक."

लग्न झालं. हळदीत बेंजो पार्टीने तेच गाणं लावलं आणि तिसऱ्या "गेलो"ला नवरदेवच सगळ्यांत उंच उडाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेविसावं गाणं काही झालं नाही. त्याची भीती खरी ठरली. मधून मधून तो वही घेऊन गच्चीत बसतो, आणि तासाभराने कोरीच वही घेऊन खाली येतो. मला त्याचं थोडं वाईट वाटतं. ते बावीस करताना तो किती मनापासून दुःखी होता! तुमची गाणीही अशाच एखाद्या मुलाने लिहिली असतील, म्हणून मी त्यांना आता रडकी म्हणणार नाही.

केस गेले, खोकला गेला. सकाळी सहाची बस गाठायला दोघं जिना उतरतात तेव्हा मी ओट्याशी चहा करत असते. तो काहीतरी गुणगुणत असतो. त्याला शब्द नसतात. पण चाल रोज नवीन असते.