पाळी गेली, हे मी मोठ्यानं बोलले

थंडगार पाण्याचा जग माझ्या डोक्यावर उपडा झाला तेव्हा माझे दोन्ही हात परातीत होते. तांदळाची उकड मळत होते. बर्फाचे खडे मानेवरून घसरले आणि झंपरात जाऊन अडकले.

"झालीस थंड?" मालकीणबाईंनी विचारलं.

समोर खुर्च्यांवर मुंबईच्या पाहुण्या बायका होत्या. हसल्या. एकीनं मोबाइल धरला होता. मागं वेटर पोरं उभी होती.

कळंबकडच्या एका रिसॉर्टवर मी शनिवार-रविवार भाकऱ्या थापायची. पाहुण्यांना पेटलेली चूल बघायला आवडते, म्हणून मला अंगणात बसवायचे. नऊवारी नेसवून. लुगडं रिसॉर्टचंच. घरी मी गाऊन घालते, गॅसवर रांधते.

त्या दिवशी माझ्या छातीतून जाळ उठला. मान, कान, कपाळ. चुलीचा जाळ मला माहीत आहे. हा आतला होता. बघता बघता झंपर भिजला आणि घामाचा थेंब परातीत पडला.

"ई! पिठात घाम!" एक पाहुणी ओरडली.

बाई आल्या, टेबलावरचा जग उचलला आणि ओतला.

"वय काय गं तुझं?"

"पस्तीस."

"पस्तिशीत म्हातारी? तुम्हा लोकांचं सगळंच लवकर. लग्न लवकर, पोरं लवकर, म्हातारपणही लवकर."

पुन्हा हसणं. पीठ फेकलं, परात घासली आणि मला पुन्हा तिथंच बसवलं. मी बसले. ओल्या लुगड्यात भाकऱ्या थापल्या.

तेव्हा माझी पाळी थांबून वर्ष होत आलं होतं. एकच पोरगी आहे, सातवीत. पाळी चुकली तेव्हा सासूनं देवापुढं नारळ ठेवला. आता पोरगा होणार. पोट काही वाढलं नाही. मग तीच सासू शेजारणीला सांगायला लागली, "आमचं शेत पडीक गेलं." मी तिच्या ताटात भात वाढत असताना. नवरा अंथरूण घेऊन पडवीत गेला. का, विचारलं तर म्हणाला, "तुज्यात आता काय हाय?"

बाईंचीही पाळी जात होती. साऱ्या रिसॉर्टला ठाऊक होतं. "आज बाईंना त्रास होतोय, भांडी वाजवू नका," असा मॅनेजर आम्हाला दम द्यायचा. त्यांच्या खोलीत एसी. अंग पेटलं की मला बोलवायच्या. मी ओल्या टॉवेलनं त्यांची पाठ पुसायची. एकदा विचारलं, काय होतं बाई? डोळे मिटूनच म्हणाल्या, "हार्मोन्स. तुला नाही कळायचं."

खरंच कळलं नव्हतं.

तो जग ओतल्यावर सोमवारी मी कर्जतच्या सरकारी दवाखान्यात गेले. घरी विचारलं नाही. डॉक्टर तरुण होती, बाईमाणूस. आधी दिवस गेलेत का ते तपासलं. रक्त घेतलं. महिन्यानं परत बोलावून पुन्हा घेतलं. मग मला समोर बसवून सांगितलं, "तुमची पाळी वेळेआधी गेलीय. चाळिशीच्या आत असं होतं काही जणींना. तुमची काही चूक नाही. पण सोडून द्यायचं नाही. हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका असतो. पन्नाशीपर्यंत या गोळ्या घ्याव्या लागतील. मधे मधे तपासायला यायचं."

मी विचारलं, "आमच्या मालकीनबाई हायेत पन्नाशीच्या. त्यांचं अंग पन असंच पेटतं. त्यांनाबी हेच हाय?"

"हेच. त्यांचं वेळेवर, तुमचं फार लवकर. उलट तुम्हालाच जास्त जपायला हवं."

बाहेर बाकड्यावर बसले. रडू येईल वाटलं. नाही आलं. राग आला. एकच जाळ दोघींच्या अंगात. त्यांचा घाम म्हणजे हार्मोन्स. माझा घाम म्हणजे घाण.

मधला महिनाभर चुलीपाशी बसतच होते. त्यानंतरच्या शनिवारी रिसॉर्टवर गेले. चूल पेटलेली होती. पाहुणे बसलेले. मी लुगडं नेसले नाही.

"मी चुलीपाशी बसनार नाय," मी बाईंना म्हणाले. "आत किचनात पंख्याखाली भाकऱ्या करून देते."

"का? काय झालं महाराणीला?"

"माजी पाळी गेलीय. वेळेच्या आधी. डॉक्टरनी औषध लावलंय."

वेटर पोरांनी माना खाली घातल्या. बाईंचा चेहरा लाल झाला.

"हळू बोल. पुरुष आहेत इथं."

"असू देत. तुमी माज्या डोक्यावर पानी वतलं तवा पन व्हते. तुमचीबी पाळी जातेय ना? तुमाला एसी. मला बर्फाचं पानी?"

"चालती हो!"

चालती झाले.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. "लाज इकली हिनं," सासू म्हणाली. नवऱ्यानं गोळ्यांचं पाकीट उकिरड्यावर फेकलं. मी जाऊन उचललं, गाऊनला पुसलं. त्याच्या समोर गोळी काढली, तोंडात टाकली, वरून पाणी प्यायले.

"परत फेक," मी म्हणाले. "परत आनीन."

बाईंनी आजूबाजूच्या रिसॉर्टवर फोन केले. मला कुणी कामाला घेत नाही. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. गुडघे दुखतात. बांधावर बसले असताना जाळ उठतो, तेव्हा खुरपं खाली ठेवते. मुकादम ओरडतो. ओरडू दे. जाळ उतरल्याशिवाय मी खुरपं उचलत नाही.

पोरीला सगळं सांगितलंय. तिचा बाप ऐकत असताना, मुद्दाम. अंग म्हणजे काय, पाळी का येते, का जाते, कधी डॉक्टरकडं जायचं. तो म्हणाला, पोरीसमोर कसलं बोलतेस?

त्याला मी दार दाखवलं. लाज वाटते त्यानं बाहेर जावं. मी माझ्या पोरीशी बोलणार आहे.