रुईच्या बर्फात माझं मरण

मनमाडला गाडी बदलून छोट्या रुळांच्या गाडीत बसलो, तेव्हाच मला सगळं कळायला हवं होतं. आमच्या डब्यात प्लायवूडचा एक पुरुषभर उंचीचा क्रॉस होता. त्याला सामान म्हणायचं की प्रवासी, यावर तिकीट तपासनीस आणि आमचे दिग्दर्शक औरंगाबाद येईपर्यंत वाद घालत होते. मी दोघांकडे बघून हसत होतो, कारण कुणाची बाजू घेतली तर मला उतरवतील, अशी मला धास्ती होती.

आपल्या गावच्या मंडळींनी, म्हणजे तुम्हीच, विचारलं होतं, की बाबा रे, मालवण सोडून तू तिकडे कुठे गेला होतास? तर मी जालना जिल्ह्यात मरायला गेलो होतो. एकदा नाही, पुष्कळदा.

सातवीत शाळा सोडल्यापासून समोर आलेल्या कुठल्याच कामाला मी नाही म्हटलेलं नाही. नाही म्हणायची मला भीतीच वाटते. सिनेमाच्या या युनिटमध्ये मी पेट्या उचलायचो, चहा द्यायचो, आणि माणूस कमी पडला की मरायचो. माणसं कायम कमीच असायची. पण त्यांनी मला ठेवून घेतलं होतं, दोन वेळा जेवू घालत होते, म्हणून आजही त्या लोकांबद्दल माझ्या तोंडून वाकडं निघत नाही. खाली जे निघेल, ते सिनेमाबद्दल आहे असं समजावं.

सिनेमा नाताळचा होता आणि महिना मार्चचा. नवीन जालन्याच्या स्टेशनाबाहेर पडलो तर ऊन सरळ टाळूवर. बियाण्यांच्या कंपन्यांच्या पाट्या, अडत दुकानं, रिक्षांची गर्दी, आणि त्यात आम्ही क्रॉस खांद्यावर घेऊन एसटी स्टँडची वाट विचारतोय. एक रिक्षावाला म्हणाला, ‘‘कोन गेलं हो?’’ दिग्दर्शक म्हणाले, ‘‘अजून कोणी नाही. उद्यापासून.’’ त्याने रिक्षा थोडी मागे घेतली.

जालनाच का, तर इथल्या एका शेठजींनी सिनेमात पैसे घातले होते. त्यांचे पणजोबा कधीतरी राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. शेठजींचं आष्टीच्या बाजूला जिनिंग होतं (कापसातली सरकी काढून रुई वेगळी करण्याचा कारखाना). दिग्दर्शकांनी ती रुई पाहिली आणि त्यांना बर्फ दिसला. ज्या माणसाने बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला आहे, त्याला दिसणारच.

गोष्ट अशी होती: नाताळबाबाच्या वेषातला एक खुनी कुऱ्हाड घेऊन डोंगरावरच्या एका गावातली माणसं एकेक करून मारतो. का मारतो, हे आम्हाला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. डोंगर आष्टीच्या आसपास नव्हता, म्हणून सरकीच्या ढिगावर ताडपत्री टाकून डोंगर केला. नाताळचं झाड म्हणून बाभळीची फांदी, तिला गणपतीतल्या झिरमिळ्या. नाताळबाबा बैलगाडीतून यायचा, आणि बैलांच्या शिंगांना पोळ्याचं बेगड अजून चिकटलेलं होतं. त्याची दाढीसुद्धा रुईची. वारा आला की खुनी तरुण व्हायचा.

आमची राहायची सोय शेठजींनी गावातल्या घरांत वाटून दिली होती. मी गयामावशींच्या घरी. त्यांची चार एकर कपाशी होती, आणि गावातल्या वेचणीच्या बायांची टोळी त्यांच्या हुकमात चालायची. पहिल्या दिवशी त्यांनी ज्वारीची भाकरी आणि येसर वाढलं (भाजलेल्या धान्यांच्या आणि मसाल्याच्या पिठाची आमटी). मी माशावर वाढलेला माणूस. पहिल्या घासाला कानातून वाफ गेली, तरी मी भीतीने आणि उपकाराने तीन भाकऱ्या खाल्ल्या.

‘‘काय काम करतो रे बाबू तू शिनेमात?’’ दुसऱ्या संध्याकाळी मावशींनी विचारलं.

‘‘मरतो.’’

‘‘आं?’’

‘‘आज पोस्टमन म्हणून मेलो. उद्या पहारेकरी म्हणून मरायचंय.’’

मावशींनी भाकरी थापायची थांबवली. ‘‘जित्या मानसानं असं पडू न्हाई. अन् हे काय लावून आलास अंगाला? मुंग्या लागून राह्यल्या ना!’’

लागणारच होत्या. आमचं रक्त साखरेच्या पाकात लाल रंग घालून केलेलं. माझं प्रेत दिवसभर उन्हात पडून राहायचं, आणि खुन्याने केलं नाही तेवढं नुकसान मुंग्या करायच्या. त्या दिवसापासून मी मरून आलो की मावशी मला उंबऱ्याबाहेर थांबवायच्या, मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकायच्या आणि मगच घरात घ्यायच्या. एकदा शेजारणीने विचारलं, ‘‘याची रोजच काढता का हो दृष्ट?’’ तर म्हणाल्या, ‘‘मंग? रोजच मरून येऊन राह्यला त्यो.’’

आता माझ्या काळजाची गोष्ट सांगतो. इतक्या वेळा मेलो, पण कायम पालथा. एकच माणूस परत परत मरतोय हे लोकांना कळू नये, म्हणून कुऱ्हाड नेहमी पाठीत. पोस्टमनचा खाकी कोट, पहारेकऱ्याचा कांबळा, दारुड्याचा सदरा, सगळ्यांची पाठ माझी. शेवटी एकदा धीर करून मी दिग्दर्शकांना विचारलं, ‘‘साहेब, एकदा उताणा मरू का?’’ बोललो आणि लगेच दोन पावलं मागे सरकलो. पण ते चांगल्या मनःस्थितीत होते. म्हणाले, ‘‘शेवटचं मरण तुझं. कॅमेरा थेट तोंडावर आणतो.’’

मला झोप लागेना. आपल्या जत्रेत तंबूतला सिनेमा येतो. ज्या लोकांनी ‘सातवी नापास, आता शेण काढ’ म्हटलं होतं, ते सगळे माझं तोंड बघणार होते, चादरीएवढं मोठं.

मावशींना सांगितलं तर त्या चिडल्या. ‘‘पालथा मेला तर येक येळ ठीक. तोंड दाखवून मरतो म्हने! बिलकुल न्हाई.’’

‘‘मावशी, मला एवढं एकदाच दिसू द्या.’’

त्यांनी चूल विझवली. सकाळी भाकरी बांधून देताना म्हणाल्या, ‘‘मी येते संगं. बाया पायजेत म्हनून साहेबानं सांगितलंच हाय.’’

शेवटचा प्रसंग जिनिंगच्या अंगणात होता. ताडपत्र्यांवर गुडघाभर रुई पसरली होती, मागे क्रॉस उभा, आणि एका बाजूला डोक्याला रुमाल बांधलेल्या वेचणीच्या बाया. त्यांनी प्रार्थनेला आलेल्या डोंगरी बायका व्हायचं होतं आणि मी पडलो की किंचाळायचं होतं. शेठजी खुर्ची टाकून बसले होते. त्यांची अट एकच, ‘‘पिक्चर तुमचा, रुई माझी. संध्याकाळी गठाण बांधायची हाय. येक डाग न्हाई पायजे, बराबर?’’

आता खुनाचा सिनेमा, बर्फावर खून, आणि बर्फाला डाग लागता कामा नये. दिग्दर्शकांनी उपाय काढला. रुईखाली एका जागी पांढरं धोतर अंथरलं, वर रुईचा पातळ थर. मी बरोबर तिथेच पडायचं. पोटाला रक्ताचा फुगा बांधला. कॅमेरामन म्हणाला, ‘‘रीळ एवढंच उरलंय. एकदाच मर, नीट मर.’’

बैलगाडीतून नाताळबाबा उतरला. एका हाताने दाढी धरून दुसऱ्या हाताने त्याने कुऱ्हाड उगारली. मी मागे सरकलो, वळलो. तोंड कॅमेऱ्याकडे बरोबर आलं पाहिजे या एकाच काळजीत मी एक पाऊल जास्त वळलो, आणि धोतर सोडून भलतीकडेच उताणा पडलो. फुगा फुटला.

किंकाळी आली, पण सांगितलेली नाही.

‘‘अगं बया, रुई! रुई नासली!’’

आणि जन्मभर कापूस वेचलेल्या त्या सगळ्या बाया पदराच्या ओट्या करून धावल्या. ज्यांचे हात कचरा लागलेलं बोंडसुद्धा बाजूला काढतात, त्यांच्यासमोर ढीगभर पांढऱ्या रुईवर पाक सांडला होता. माझ्या अंगावरून, पायांमधून, काखेतून त्या भराभर रुई उचलत होत्या. खुनी कुऱ्हाड घेऊन मध्ये उभा होता, तर एकीने त्याला ढकललं, ‘‘सरक की तिकडं! पाय काढ!’’ दिग्दर्शक ओरडत होते, पण कॅमेरामनला वाटलं ते सुरूच ठेवायला सांगताहेत.

मी मात्र मेलेलाच होतो. डोळे उघडे, तोंड कॅमेऱ्याकडे. काहीही होवो, मी हलणार नव्हतो. तेवढ्यात गयामावशी आल्या. मानेखालची रुई ओढायला त्यांनी माझं डोकं उचललं, ते मांडीवर ठेवलं, आणि मग रुई राहिली बाजूला. कॅमेऱ्याकडे पाठ करून त्या पदराने माझं तोंड पुसायला लागल्या.

‘‘उठ बाबू. झालं ते मरनं.’’

‘‘मावशी, सरका ना,’’ मी ओठ न हलवता म्हणालो.

‘‘उठ म्हन्ते ना!’’

रीळ संपलं.

शेठजींची ओंजळभर रुई गेली, बाकी सगळी वाचली. सबंध सिनेमात खूश झालेला तो एकच माणूस. ‘‘तुमच्या पार्टीपेक्षा आमच्या बाया हुशार,’’ असं ते आम्हाला एसटीत बसवेपर्यंत सांगत होते. मी मावशींच्या पाया पडलो, पण रागाने नीट बोललो नाही. त्यांनी पिशवीत धपाटे घातले होते (तव्यावर भाजलेल्या मसाल्याच्या भाकऱ्या). ते मी मनमाड यायच्या आत संपवले. राग होता, पण भूकही होती.

तो सिनेमा आपल्या जत्रेत आला हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही हसलात. बर्फ वेचणाऱ्या बाया बघून तंबूत शिट्ट्या वाजल्या. मी आईच्या शेजारी बसलो होतो. पडद्यावर मी पडलो, आणि माझं तोंड दिसणार एवढ्यात मावशींची पाठ आली. मग शेवटपर्यंत ती पाठच.

‘‘तो मी होतो,’’ मी आईला सांगितलं. मला रडू येत होतं.

आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, ‘‘बरा झाला तोंड दिसला नाय ता. माका बघूक जमला नसता.’’ (बरं झालं तोंड दिसलं नाही ते. मला बघवलं नसतं.)

तंबूत लोक अजून हसत होते. आईने पदर डोळ्यांना लावला, आणि मला कोपराने ढोसून विचारलं, ‘‘ती बाई कोण? सोलां गावतत काय रे तेंच्याकडे?’’ (आमसुलं मिळतात का रे त्यांच्याकडे?)

मिळत नाहीत. म्हणून तर आईने दिलेली आमसुलं घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा आष्टीला निघालो आहे. या वेळी मरायचं काही काम नाही.