अकरा मुठी मीठ

आमच्या घरी सुगीत दोन कामं ठरलेली. सोयाबीनची रास झाली की मामंजी, म्हणजे माझे सासरे, बाजरीच्या कणसांचं झुंबर विणून पाखरांसाठी दारात टांगायचे, आणि सासूबाई लिंबाचं लोणचं घालायच्या. यंदा ज्येष्ठात सासूबाई गेल्या. दसरा तोंडावर आला तरी मामंजींनी कणसांना हात लावला नाही. ताटात रोज अर्धी भाकरी तशीच उरायची. मला ते बघवेना.

म्हटलं, लोणचं पानात पडलं की माणूस जेवेल. आणि लोणचं घालणं म्हणजे काय मोठं लागून गेलंय? पंधरा वर्षं सासूबाईंच्या शेजारी बसून लिंबं चिरलीत मी. त्यांचं माप मला तोंडपाठ होतं: शंभर लिंबांना अकरा मुठी मीठ. दसऱ्याला झेंडूच्या तोरणात नवी कणसं मीच खोवली आणि दुसऱ्या दिवशी बरणी भरली. शेजारणींनाही ठणकावून सांगून आले, कुणाच्या हातचं ते ओळखूच यायचं नाही!

दहा दिवसांनी मामंजींच्या पानात वाढलं. त्यांनी फोड तोंडात घातली, डोळे मिटले आणि तांब्याभर पाणी प्याले.

"लई खारट हाय. तिच्यावाणी न्हाय," म्हणाले आणि ताट सरकवलं.

मी चाखून बघितलं. अगं आई गं, जीभच भाजली! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

"अकरा म्हणजे अकराच घातल्या, मामंजी. एक बी जास्त न्हाय!" मी तावातावानं मूठ वळून त्यांच्यापुढं धरली.

ते माझ्या हाताकडं बघत राहिले. माझा पंजा गड्यासारखा. कासारीण दरवेळी बोलून दाखवते, की बाई, तुमच्या मापाची बांगडी मिळत नाही. मामंजी खुदकन हसले. ज्येष्ठापासून पहिल्यांदा.

"अगं, ह्या मुठीनं घातलीस व्हय? तिची मूठ केवढी हुती!"

मग मात्र ते गप्प बसले नाहीत. सकाळी बांधावरची लिंबं स्वतः तोडून आणली. मी चिरली. मिठाचा डबा उघडला तसा त्यांनी उजवा हात पुढं केला आणि तळहाताचा खोलगा केला.

"तिची मूठ हितं मावायची. वर बोटं मिटली की दिसायची बी न्हाय. वत हितं."

मी मीठ ओतत गेले. "बास, एवढीच," म्हणत ते बोटं मिटायचे आणि बरणीत सोडायचे. मी मोठ्यानं मोजत होते. अकराव्या वेळी त्यांनी बोटं मिटली, ती उघडलीच नाहीत. मी लिंबं तशीच राहू दिली आणि बरणी धरून बसून राहिले. मला कसलीही घाई नव्हती.