वानोळ्याचं वजन

दोन चाकांचा छोटा ट्रेलर मी हौसेने बनवून घेतला. आत पलंग, मागे स्वयंपाकाचा ओटा, ओट्याखाली शंभर लिटरची पाण्याची टाकी. बायकोने एकच अट घातली. पहिल्याच सहलीत तो तोरणमाळच्या तळ्याकडे जाणारा घाट सुखरूप चढला तर ठेवायचा, नाहीतर तिच्या भावाच्या केळीच्या बागेत राखणदाराची खोली म्हणून द्यायचा. शालकाने लगेच बांधाजवळची जागा साफ करून घेतली.

मीही कमी नव्हतो. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी इतका तयार झालो होतो की रनाळ्यात आमच्या गल्लीत मला बघून लोक वाट बदलायचे. ट्रेलरची वाटी जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर बसली की खटका, खटक्यात पिन, खालून दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या. वाटी निसटलीच तर साखळ्या ट्रेलरचं तोंड झेलतात. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गोळ्यावर हवा, म्हणून जड सामान चाकांच्या जरा पुढे. ट्रेलरला साडेसातशे किलोची मर्यादा होती. नंदुरबारला मिरचीच्या गाड्या तोलतात त्या काट्यावर टाकीतल्या पाण्यासकट सातशे भरले. मी बायकोकडे असं पाहिलं, जणू घाट चढूनच आलोय.

वाटेत तापीकाठी सासुरवाडी. चहापुरते थांबलो. चहा संपेपर्यंत शालकाने पिकलेल्या केळीचे दोन मोठे घड, गंगाफळं, पपया आणि ज्वारीचं पोतं आणून मागच्या दाराशी मांडलं.

"एवढं नको," मी म्हणालो. "वजनाचा हिशोब असतो."

"दाजी, तुम्हले काय डोकावर लई जानं शे का? मन्ही बहीन रिकामा हाते कशी जाई?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. सगळ्या गल्लीला वजन शिकवणारा मी, वानोळ्याला नाही म्हणू शकलो नाही. दार मागेच होतं, म्हणून सगळं मागेच रचलं गेलं. शालक रचताना हसत होता. तेव्हा मला ते प्रेम वाटलं.

प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडून सरळ रस्ता लागला. एक ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलरने कंबर हलवायला सुरुवात केली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दर वेळी जास्त. ब्रेक दाबायचा नाही एवढं एकच नशिबाने आठवलं. हळूच पाय उचलला. झोकांडे मंद झाले, तशी गाडी कडुनिंबाखाली घेतली.

बायको उतरली. तिने ट्रेलरच्या तोंडाला हात लावून वर रेटलं. ते पाळण्यासारखं हललं. गोळ्यावर वजन नव्हतंच, सगळं मागे बसलं होतं. वाटी धरून होती ती फक्त खटक्याच्या जिवावर.

"वानोळा परत देऊन येऊ," मी म्हणालो. आणि त्याचा अर्थ माझा मलाच कळला: म्हणजे ट्रेलरही तिथेच ठेवून येऊ.

ती मागे गेली. ओट्याखाली वाकून टाकीकडे बघत राहिली.

"आपन तळावर जाई ऱ्हायनूत ना?"

"हो."

"मंग हाई पानी कोनासाठे लई जाई ऱ्हायनात?"

तिने टाकीचा नळ सोडलासुद्धा. मी शंभर किलो पाणी तळ्याच्या काठी नेत होतो, निव्वळ नळ दाखवायला. कडुनिंबाची मजा झाली. टाकी रिकामी झाल्यावर पोतं नि गंगाफळं पुढे ओढली, केळी चाकांच्या बरोबर वर येतील अशी ठेवली. मी ट्रेलरचं तोंड उचलून पाहिलं. कमरेत कळ आली, म्हणजे वजन जागेवर आलं.

घाट ट्रेलर शहाण्यासारखा चढला. तळ्याकाठी पहिलं केळं सोलतोय तोच शालकाचा फोन.

"दाजी, खोली कधी लई येतस?"

बायकोने फोन घेतला. "त्या जागावर मिरची लाय," म्हणाली.

परतीला तिने ज्वारी पलंगाखालच्या पेटीत ओतली आणि रिकाम्या पोत्यात सीताफळं भरली. माहेरचं पोतं रिकामं कसं द्यायचं? मी किती किलो ते विचारलं नाही. तिने ते स्वतःच आत ओढलं, चाकांच्या जरा पुढे.