इराणातलं एक गाव

मोखाड्याहून सूर्यमाळला जाणाऱ्या जीपमध्ये पंचायतीतले कारकून माझ्या शेजारी बसतात. मोबाइलवर लांबलांबच्या गावांची माहिती वाचणं हा त्यांचा छंद.

काल म्हणाले, "गुरुजी, इराणात एक गाव आहे. सगळे फारसी बोलतात. वस्ती अगदी थोडी." मग मोबाइल खिशात ठेवत, "पण माणसं मोजायला कधी गेले असतील? आपल्यासारखं दिवाळीनंतर गेले असतील, तर चुकलंच."

दिवाळीनंतर आमचा निम्मा पाडा वीटभट्टीवर कामाला गेलेला असतो. गेल्या जनगणनेत साहेबांनी अशा घरांपुढे 'बंद' लिहायला सांगितलं होतं. हे कारकून मात्र कुलपासमोर उकिडवे बसून शेजारच्या म्हातारीला एकेक नाव विचारत राहिले.

शेवटी ती म्हणाली, "एक पोरगी भट्टीवरच झालीय. नाव नाय ठेवलं अजून."

त्यांनी नावाची जागा कोरी सोडली आणि वय विचारून लिहिलं, वीस दिवस.