असाबियाचा पहिला घोट

आकुआपेमच्या अख्ख्या डोंगरावर असाबियासारखं नाक कुणाला नव्हतं. डोळे बांधून तिच्यापुढं साल धरा, मूळ धरा, कुटलेला पाला धरा, ती झाडाचं नाव सांगायची. वर झाड उतारावरचं आहे की ओढ्याकाठचं, तेही सांगायची. शाळा दहा वर्षं शिकली, पण मोठे शिकलेले लोक तिच्यापुढं वही काढून बसायचे. हे काही कौतुकानं वाढवून सांगितलेलं नाही. अबेतिमा गावात कुणालाही विचारा.

ही विद्या तिला मामाकडून मिळाली. नाना आवुकु म्हणजे जुना जाणता वैदू. झाडाची साल काढायच्या आधी बुंध्याशी अंडं ठेवणार, आपण कुणासाठी आलोय ते झाडाला सांगणार आणि मगच कोयता लावणार. त्यानं भाचीला बाकी सगळं हळूहळू शिकवलं, पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली. औषध उकळणाऱ्यानं पहिला घोट आपण घ्यायचा, आजाऱ्याच्या देखत. त्याशिवाय पेला पुढं करायचा नाही.

सरकारनं डोंगरावर औषधघर काढलं तेव्हा डॉक्टर आम्पाडू तिला घरून बोलावून घेऊन गेले. हो, डॉक्टर स्वतः आले होते. तिथं झाडपाल्याचे काढे मोजून मापून बनवायचे, त्यांचा अर्क काढायचा, पांढऱ्या उंदरांना पाजायचा, तीन दिवस बघायचं आणि मगच माणसाला द्यायचा, अशी रीत होती. असाबिया उकळायच्या शेडची मुख्य झाली. उंदीर तर उंदीर, पण ती स्वतःही प्यायचीच. डॉक्टर हसायचे. तू माझा सगळ्यात मोठा उंदीर, म्हणायचे. ती म्हणायची, उंदीर बोलत नाहीत डॉक्टर, मी बोलते.

एक गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नसे. तिला भीती वाटायची. दर वेळी, दर घोटाला. पेला खाली ठेवला की ती शेडच्या मागं जाऊन ओट्यावर बसायची, डाव्या मनगटावर बोट ठेवायची आणि मोजत राहायची. ठोके नीट पडतायत असं वाटलं की मग उठायची आणि बायकांमध्ये येऊन चेष्टामस्करी करायची. अकरा वर्षं तिनं असं केलं. सवय झाली, पण भीती काही गेली नाही.

मग त्र्याऐंशी साल आलं. वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला आणि डोंगराला वणवे लागले. कोकोची झाडं जळाली, मका जळाला, लोक कच्ची पपई उकडून खायला लागले. तापाची साथ होती आणि तापाच्या गोळ्या राजधानीत, अक्रा शहरातसुद्धा मिळत नव्हत्या. त्या तापावर आमच्याकडं एकच खात्रीचं औषध, निबिमा. ही एक वेल आहे, तिचं मूळ आतून हळदीसारखं पिवळं असतं. नखानं खरवडून पांढऱ्या कापडावर दाबलं की पिवळाधमक डाग पडतो. वेल उतारावर वाढायची आणि उतार जळून काळे झाले होते. त्यात औषधघरातले उंदीरही मेले. माणसांनाच मका नाही, तिथं उंदरांना कोण घालणार? डॉक्टरांनी नवा नियम केला. असाबिया सकाळी पिणार, आणि तिला रात्रभर काही झालं नाही तरच दुसऱ्या दिवशी बाटल्या वाटायच्या. नियम सांगताना ते हसले नाहीत.

त्याच दिवसांत तिचा थोरला भाऊ ओपारे लागोसहून परत आला. नायजेरियानं आमच्या लोकांना हाकलून दिलं होतं. बाकीचे डोक्यावर बोचकं घेऊन, पाय सुजवून आले. ओपारे मात्र फुलाफुलांचा शर्ट आणि काळा चष्मा घालून लॉरीतून उतरला. खिशात काही नव्हतं, पण चालणं असं की लागोस शहर विकून आलाय. आठ दिवस तो चौकात बसून तिकडच्या गोष्टी सांगत होता. नवव्या दिवशी म्हणाला, माझ्या बहिणीला मूळं मिळत नाहीत काय? बघतोच. आणि पाठीवर पोतं घेऊन निघून गेला.

पाच दिवसांनी तो आला तो भरलेलं पोतं घेऊनच. औषधघराच्या अंगणात तापानं कण्हणाऱ्यांची रांग होती. त्यानं सगळ्यांच्या मधोमध पोतं टेकवलं, तोंड सोडलं आणि वरचंच एक मूळ काढून खरवडलं. कापडावर दाबलं. पिवळाधमक डाग. त्यानं ते कापड झेंड्यासारखं रांगेपुढं नाचवलं. हे सगळं मी एकट्यानं खणलंय, आफ्राम नदीच्या काठानं, सापांच्या राज्यात जाऊन, असं तो मोठ्या आवाजात सांगत होता.

एरवी असाबिया पोतं जमिनीवर पालथं करायची आणि तळातली मुळं आधी कापायची. कुणाचंही पोतं असो. पण हा थोरला भाऊ होता. त्यानं आणलेली वस्तू चारचौघांत पालथी करणं म्हणजे त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणण्यासारखं. आमच्यात धाकटी बहीण असं करत नाही. तिनं वरची चार मुळं हुंगली. खरी होती. तळाकडून काहीतरी वेगळा, ओल्या चामड्यासारखा वास येतोय असं तिला क्षणभर वाटलं. धुराच्या त्या दिवसांत सगळ्यालाच काही ना काही वास यायचा. तिनं मान हलवली आणि पोतं आत घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काढा तयार झाला. डॉक्टर अक्राला रॉकेल मिळतं का बघायला गेले होते. असाबिया सगळ्यांसमोर एक पेला प्यायली. कडू होताच, निबिमा कडूच असते. ती ओट्यावर जाऊन बसली, मोजलं, ठोके ठीक होते. उद्या या, असं तिनं रांगेला सांगितलं. कुणी हललं नाही. एका बाईनं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. आणि ओपारे म्हणाला, "अगं, तुझा भाऊ देतोय आणि तू उद्या काय म्हणतेस? उद्यापर्यंत यांतली किती राहतील?"

तिनं बाटल्या दिल्या. बारा. प्रत्येकाला सांगितलं, सूर्य बुडताना पोटात दोन घास घालून मग एक पेला घ्या, आधी नको.

दुपारी तिला मळमळायला लागलं. तिला वाटलं, भुकेनं. मग शेडच्या पांढऱ्या भिंतीकडं नजर गेली. भिंत पिवळसर दिसत होती. तिनं डोळे चोळले. भिंत तशीच, आणि दारात वाळत घातलेल्या चादरीभोवतीही पिवळं वलय. तिनं मनगटावर बोट ठेवलं. एक ठोका. दुसरा. मग काहीच नाही. ती वाट बघत राहिली. जिना उतरताना पायरी चुकावी तसं छातीत आत झालं आणि मग ठोका पडला.

असाबियाला मामानं दाखवलेली वेल आठवली. निबिमासारखीच दिसणारी दुसरी एक वेल असते. पान तसंच, मूळ तसंच, कडूही तसंच, फक्त आतून पांढरी. नाना आवुकु ती वेल दाखवायचा तेव्हा हात मागं बांधून उभा राहायचा. शिकारी पूर्वी तिचा चीक बाणाला लावायचे. ती आधी डोळ्यांपुढं सगळं पिवळं करते, मग माणसाचं काळीज थांबवते.

ती एक पेला प्यायली होती. आता बारा घरांत बारा बाटल्या होत्या आणि सूर्य बुडायला तीन तास उरले होते.

पोत्यात अजून अर्धी मुळं होती. तिनं ते पालथं केलं, तळातलं मूळ उचललं, खरवडलं, कापडावर दाबलं. डाग पिवळा दिसला. पण कापडाची न दाबलेली बाजूही पिवळीच दिसत होती. अंगणातली धूळ, स्वतःची नखं, सगळंच पिवळं. तिचे डोळे आता तिच्या कामाचे नव्हते. तिनं मूळ नाकाशी नेलं तर मळमळीपुढं वास लागेना.

अंगणात ओपारे झाडाखाली लोकांना लागोसमधला पूल किती लांब आहे ते सांगत होता. तिनं त्याला हाक मारली आणि शेडचं दार लावून घेतलं. ती भिंतीला धरून उभी होती.

"दादा, या कापडावरचा डाग बघ. कुठल्या रंगाचा आहे?"

"पोतं कुणी पालथं केलं?" तो म्हणाला.

"मी. डाग बघ."

"माझं पोतं तू..."

"दादा, मला सगळं पिवळं दिसतंय. भिंत पिवळी, तू पिवळा. मला खरं सांगणारं इथं दुसरं कुणी नाही."

ओपारेनं कापड हातात घेतलं. त्यानं ते दाराच्या फटीतल्या उजेडात धरलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. हा माणूस लहानपणी आंबा पाडला तर वाघ मारला म्हणून सांगायचा. आता त्यानं पिवळा म्हटलं असतं तर तिला ते मानण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याला सुटायला तेवढा एकच शब्द पुरला असता.

"पांढरा आहे," तो म्हणाला. "नुसतं पाणी."

त्यानं दुसरं मूळ खरवडलं. तिसरं. चौथं पिवळं निघालं, पाचवं पुन्हा पांढरं.

"तू खणलंस ना सगळं?"

"वरचं पाव पोतं मी खणलं. बाकीचं लॉरी थांबते तिथल्या पोरांकडून घेतलं. शर्ट देऊन." तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो फुलाफुलांचा शर्ट दोन दिवस त्याच्या अंगावर दिसला नव्हता.

तिनं त्याला सांगितलं की आपलं काळीज ठोके चुकतंय आणि पेला सगळ्यांनी सूर्य बुडताना घ्यायचा आहे. तो खाली बसला. मग उठला आणि पळत सुटला.

गावात दवंडी पिटायचं काम म्हातारा बेदिआको करायचा. लोखंडी घंटा, लाकडी दांडी. आमच्याकडं दवंडी कुणाच्या नावानं आहे ते आधी सांगावं लागतं, नाहीतर लोक ऐकत नाहीत. बेदिआकोनं विचारलं, कुणाच्या नावानं? असाबिया मागून चालत येत होती, दर वीस पावलांना थांबत. तिला वाटलं, आपलं नाव सांगावं, औषध आपण वाटलं. ती तोंड उघडणार तोवर ओपारेनं म्हाताऱ्याच्या हातून घंटा काढून घेतली.

गावात असा आवाज दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि आठवडाभर तो आवाज नुसत्या बढाया मारत होता. आता तो गल्लोगल्ली फिरला. मी ओपारे, असाबियाचा थोरला भाऊ. मी खोटी मुळं आणली. खणली म्हणालो, खणली नव्हती. बाटली पिऊ नका. औषधघरात आणून द्या. काही पोरं आधी हसली, त्यांना वाटलं नवीन गोष्ट आहे. मग त्याचा चेहरा बघून गप्प झाली.

बाटल्या यायला लागल्या. अकरा आल्या. त्यांतली गावातल्या एका गवंड्याची पाव रिकामी होती. त्यानं धीर न धरता दुपारीच घेतलं होतं. तो चटईवर पडून ओकत होता, पण श्वास चालू होता. बारावी एनो ओफोरिवाची. ती म्हातारी दरीत, शेतावरच्या झोपडीत एकटी राहायची. तिथं घंटा ऐकू जात नव्हती.

असाबियाला कुणी जाऊ देईना. ओपारेनं तिला पाठीवर घेतलं, लहानपणी ओढा ओलांडताना घ्यायचा तसं, आणि जळक्या उतारावरून उतरायला लागला. पायाखाली राख सरकत होती. सूर्य समोरच्या डोंगराला टेकला होता. ती त्याच्या मानेवर गाल टेकून स्वतःचे ठोके मोजत होती. एक, दोन, तीन, आणि मग ती पोकळी. प्रत्येक पोकळीत तिला वाटायचं, आता पुढचा येणार नाही. आपण इथं मेलो तर एनोला कोण सांगणार, हेही वाटायचं. तिनं भावाच्या कानात सांगितलं, "मी गप्प झाले तरी थांबू नको."

झोपडीपुढं एनो ओफोरिवा स्टुलावर बसली होती. बाजूला बाटली, पुढ्यात पेला. मातीवर ओला डाग होता, तिनं पूर्वजांच्या नावानं आधी थोडं जमिनीवर ओतलं होतं. पेल्यात काय आहे ते वरून दिसत नव्हतं. असाबिया भावाच्या पाठीवरून उतरली आणि तिथंच गुडघ्यांवर बसली.

"आलीस होय," म्हातारी म्हणाली. "मी सकाळी रांगेच्या शेवटी होते. तू प्यायलेली मी बघितलं नाही. आवुकुची भाची न पिता बाटली देते म्हणजे काय? मी इथं तुझी वाट बघत बसले. अंगात ताप हा असा. घे, आधी तू घे."

आणि तिनं भरलेला पेला पुढं केला.

पुढं कितीतरी वर्षं असाबिया सांगायची की त्या दिवशीची सगळ्यात मोठी भीती दरी उतरतानाची नव्हती, ती त्या पेल्याची होती. कारण हात आपसूक पुढं गेला होता. अकरा वर्षांची सवय. कुणी औषधाचा पेला पुढं केला की तिनं प्यायचं. बोटं पेल्याला लागलीही होती. ओपारेनं तो हिसकून राखेत ओतला. एनोनं त्याला जे काय सुनावलं ते त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि मग तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच एकही शब्द न वाढवता.

असाबिया नऊ दिवस अंथरुणात होती. डॉक्टर आम्पाडू परत आल्यावर कुणाला रागावून बोलले नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्यांनी अक्राहून उंदरांचे दोन पिंजरे आणि त्यांच्यासाठी अर्धं पोतं मका आणवला, आणि उंदरांचा मका कुणी घेतला तर त्याला कामावरून काढीन असं सांगितलं. एनोचा ताप खऱ्या मुळांच्या काढ्यानं उतरला. गवंडी बरा झाला, पण ओपारेला त्यानं पुन्हा कधी नमस्कार केला नाही.

आता औषधघराच्या फाटकाशी ओपारे बसतो, मांडीवर पांढरं कापड घेऊन. येणारं प्रत्येक पोतं तो स्वतः पालथं करतो, तळापासून मुळं कापतो. सगळ्यांत आधी स्वतः आणलेलं. लागोसच्या गोष्टी अजून सांगतो. त्या पुलाची लांबी दर वर्षी वाढते.

आणि असाबिया अजून पहिला पेला पिते. डॉक्टरांनी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. फक्त आता ती ओट्यावर एकटी जाऊन बसत नाही. ओपारे शेजारी बसतो आणि तिचं मनगट धरून तोच मोजतो. त्या सालापासून तिचं काळीज मधूनच एखादा ठोका चुकतं. तो चुकला की त्याचा चेहरा राखेसारखा होतो.

"चुकला का रे?" ती विचारते.

"चुकला," तो सांगतो. "एक." आणि बोट तसंच ठेवून पुढच्या ठोक्याची वाट बघतो.